देहाची ओळख आणि हसण्याचे मोल

बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञान संस्थेत, म्हणजे सर्वांना 'निम्हान्स' या आद्याक्षरी नावाने परिचित असलेल्या संस्थेत, मानवी मेंदूंचे एक संग्रहालय आहे. काचेच्या भांड्यांतून जतन करून ठेवलेले मेंदू तेथे ओळीने मांडलेले दिसतात. काही निरोगी, काही रोगग्रस्त, काही अपघातात जखमी झालेले. भेट देणाऱ्याला हातमोजे घालून खराखुरा मेंदू हातात घेता येतो. सुमारे चौदाशे ग्रॅमचा, फिकट, सुरकुतलेला असा तो गोळा. ज्याच्या बळावर माणूस स्वतःला 'मी' म्हणतो ती वस्तू तळहातावर मावते, हे कळल्यावर पाहणाऱ्याच्या मनात आधी धाक उमटतो आणि पाठोपाठ, विशेषतः शाळकरी मुलांच्या घोळक्यात, दबलेले हसू. ते हसू अनादराचे नसते. आपण ज्याला फार मोठे समजत होतो ते इतके साधे दिसते आणि इतके साधे दिसणारे हे एवढे मोठे काम करते, या दोन जाणिवांची टक्कर झाल्याने ते फुटते.

मानवी शरीरावरची विनोदी विज्ञानपुस्तके या क्षणातून जन्माला येतात. गेल्या दोन-अडीच दशकांत जगभर अशा पुस्तकांना मोठा वाचकवर्ग लाभला. अमेरिकन लेखिका मेरी रोच यांचे मृतदेहांच्या वैज्ञानिक उपयोगांवरील 'स्टिफ' २००३ साली आले आणि त्यांचेच पचनमार्गावरील 'गल्प' २०१३ साली. जर्मनीत वैद्यकाची विद्यार्थिनी असलेल्या जूलिया एंडर्स यांनी २०१४ साली आतड्यावर लिहिलेले पुस्तक, त्यांच्या बहिणीने काढलेल्या चित्रांसह, अनेक भाषांत पोहोचले. बिल ब्रायसन यांचे 'द बॉडी' २०१९ साली प्रकाशित झाले. ही पुस्तके वाचताना सुख होते, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. मात्र या सुखाचे स्वरूप काय, त्यातून वाचकाच्या हाती काय लागते आणि असे पुस्तक चांगले की केवळ चटकदार हे कोणत्या निकषावर ठरवावे, याची चर्चा मराठीत फारशी झालेली नाही. लोकप्रिय विज्ञान हे शिक्षणाचे साधन आणि विनोद हा करमणुकीचा प्रकार, अशी वाटणी करून समीक्षा या दोहोंच्या मधल्या प्रदेशात सहसा शिरत नाही.

हा मधला प्रदेश भारतीय भाषांना परका नाही. बंगळुरूचेच उदाहरण घेता येईल. डॉ. एम. शिवराम हे या शहरातले व्यवसायी डॉक्टर. 'राशि' या टोपणनावाने ते कन्नड वाचकांच्या घराघरांत पोहोचले. १९४२ साली त्यांनी 'कोरवंजि' हे विनोदी मासिक सुरू केले आणि ते १९६७ पर्यंत चालवले. आर. के. लक्ष्मण यांची उमेदीच्या काळातली चित्रे या मासिकातून येत असत. कोरवंजि म्हणजे दारोदार फिरून भविष्य सांगणारी स्त्री. समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्याच्या मनातले बोलणाऱ्या या स्त्रीचे नाव एका डॉक्टरने आपल्या विनोदी मासिकासाठी निवडावे, यात औचित्य आहे. नाडी पाहणे आणि माणूस पाहणे ही दोन कामे तिच्यात एकवटली आहेत. याच डॉ. शिवरामांना १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तो 'मन मंथन' या मनोविकारांच्या अभ्यासावरील ग्रंथासाठी. दोन वर्षांनी, १९७८ साली, वनस्पतिशास्त्रज्ञ बी. जी. एल. स्वामी यांच्या 'हसुरु होन्नु' या वनस्पतींवरील ग्रंथाला तोच पुरस्कार लाभला. स्वामींची शैली मिस्कील, आणि विद्यार्थ्यांना घेऊन रानोमाळ केलेल्या भटकंतीच्या अंगाने शास्त्र सांगणारी आहे. तीन वर्षांच्या अवधीत विज्ञानविषयक दोन ग्रंथ साहित्य म्हणून गौरवले जातात, आणि त्या दोन्ही ग्रंथांचे कर्ते हसवण्याची कला जाणणारे असतात, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा तपशील नव्हे. शास्त्र सांगणारा माणूस भाषेचाही स्वामी असू शकतो, हे कन्नड साहित्यविचाराने त्या काळी मान्य केले होते. मराठीत जयंत नारळीकरांसारख्या वैज्ञानिकाला २०१४ साली अकादमीचा पुरस्कार मिळाला खरा, पण तो त्यांच्या आत्मचरित्राला.

विनोद आणि शरीर यांचे नाते शब्दांतच नोंदलेले आहे. युरोपीय वैद्यक शतकानुशतके शरीरातील चार द्रवांच्या समतोलावर उभे होते. इंग्रजीत विनोदाला जो शब्द रूढ झाला, तो मुळात या द्रवांचा वाचक. आपल्याकडेही असेच घडले आहे. आयुर्वेदाने सांगितलेल्या सप्तधातूंपैकी पहिला धातू 'रस', आणि भरताच्या नाट्यशास्त्रातही आस्वादाचे नाव 'रस'. हास्य हा त्यातला एक रस. शरीरात वाहणारे आणि मनाला भिजवणारे यांना दोन दूरच्या संस्कृतींनी एकेका शब्दात बांधले. भरताने हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा भेद सांगताना ओठ, दात, गाल, डोळे यांचे काय होते याकडे लक्ष दिले आहे. हसणे ही देहाने करावयाची गोष्ट आहे, हे तो विसरत नाही. त्याने केलेला आत्मस्थ आणि परस्थ हा भेदही येथे उपयोगी पडतो. स्वतः हसणे ते आत्मस्थ, दुसऱ्याला हसवणे ते परस्थ. शरीरावरच्या पुस्तकांत लेखकाला आधी स्वतःच्या देहावर हसता यावे लागते. ते जमले तरच तो वाचकाला हसवण्याचा अधिकारी ठरतो. दुसऱ्याच्या व्यंगापासून सुरुवात करणारा लेखक या अधिकाराला मुकतो.

या निकषाची कसोटी पाहणारी एक जुनी कथा आहे. ६ जून १८२२ रोजी उत्तर अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण मजुराला चुकून बंदुकीची गोळी लागली. लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी त्याला वाचवले. पण जखम भरताना जठराला बाहेर उघडणारे एक छिद्र कायमचे राहिले. ब्यूमाँट यांनी त्या छिद्रातून मांसाचे व भाजीचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून आत सोडले, ठराविक वेळाने बाहेर काढले आणि पचनाची नोंद ठेवली. १८३३ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जठररस ही रासायनिक क्रिया घडवणारी वस्तू आहे, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. दोऱ्याला बांधलेले मटण पोटात सोडणारा डॉक्टर हे दृश्य कोणालाही हसवील. परंतु सेंट मार्टिन गरीब होता, ब्यूमाँटच्या घरी नोकर म्हणून राबत होता आणि या प्रयोगांना कंटाळून वारंवार दूर जात होता. १८८० साली तो वारला तेव्हा डॉक्टरांनी शव मागू नये म्हणून घरच्यांनी ते कुजू दिले आणि मगच खोल पुरले. मेरी रोच यांनी 'गल्प'मध्ये या दोघांच्या संबंधाला एक प्रकरण दिले आहे. त्या प्रकरणाचे गुण असे की, विनोद डॉक्टरच्या हट्टाभोवती फिरतो, रुग्णाच्या छिद्राभोवती नाही. वाचक हसत पुढे जातो आणि आपण हसत असताना एक माणूस वापरला जात होता, हे त्याच्या ध्यानी येते. शरीरविषयक विनोदाची नैतिक बाजू याहून स्पष्ट करणे अवघड आहे.

सगळीच पुस्तके या कसोटीला सारखी उतरत नाहीत. ब्रायसन यांच्या पुस्तकाच्या आरंभी एक हिशेब आहे. बेनेडिक्ट कंबरबॅच या अभिनेत्याच्या आकाराचा माणूस बनवायला लागणाऱ्या ५९ मूलद्रव्यांची किंमत ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने काढली, ती ९६ हजार पौंडांहून थोडी अधिक भरली. ही युक्ती चलाख आहे. बाजारभावाच्या भाषेत देह सांगितला की वाचक चटकन जागा होतो, आणि सर्व द्रव्ये समोर ओतली तरी त्यातून माणूस होत नाही, या विधानाला धार येते. मात्र पुस्तक जसजसे पुढे सरकते तसतशी अशा आकड्यांची रास वाढते, आणि प्रत्येक प्रकरणाला चकित होण्याची मात्रा ठरलेली आहे असे वाटू लागते. एंडर्स यांच्या पुस्तकाची घडण निराळी आहे. त्यांना आतडे या उपेक्षित अवयवाबद्दल खरोखरच ममत्व वाटते. शौचाला बसण्याची पद्धत हा विषय त्या संकोच न करता, पण चावटपणाही न करता मांडतात. उकिडवे बसल्याने गुदाशयाचा कोन सरळ होतो हे त्यांचे विवेचन वाचून युरोपीय वाचक थक्क झाला. भारतीय वाचकाच्या ओठांवर मात्र वेगळे हसू आले असणार, कारण जे तिकडे शोधासारखे वाटले ते इकडे रोजच्या सवयीचे होते.

येथे मराठी परंपरेकडे वळणे क्रमप्राप्त आहे. देहावर हसण्याची आपली परंपरा जुनी आहे. एकनाथांच्या विंचवाच्या भारुडात दंशाची वेदना आणि तिच्यावरचा उतारा यांना रूपकाचा आधार देऊन गावकऱ्यांना हसवले गेले. त्या हसण्यात देहाचे दुःख खोटे ठरवलेले नव्हते. आधुनिक काळात पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' या १९५८ साली पुस्तकरूप झालेल्या लेखनात 'उपास' हा लेख येतो. वजन कमी करण्याचा संकल्प सोडलेल्या माणसावर शेजाऱ्यांचा आहारविषयक उपदेश कसा कोसळतो, याचे ते अजोड चित्र आहे. परंतु या लेखात शरीर निमित्तापुरते आहे. त्याचा खरा विषय चाळ हा आहे, आणि तसा तो असण्यात काही उणे नाही. उपासाच्या पहिल्या काही दिवसांत काटा झरकन खाली का येतो आणि मग अडून का बसतो, हे सांगण्याची जबाबदारी विनोदी लेखकाची नसते. यकृतात आणि स्नायूंत साठलेली शर्करा आपल्या कित्येक पट वजनाचे पाणी धरून ठेवते. ती संपली की ते पाणी जाते आणि मेद मात्र जागच्या जागी राहतो. ही माहिती 'उपास'च्या नायकाच्या कानी पडली असती, तर त्याच्या दुःखाला शास्त्राचा आधार मिळाला असता आणि विनोद उणावला नसता, उलट वाढला असता. मराठीत एका बाजूला असा समृद्ध विनोद आहे, ज्यात शरीर सावलीसारखे येते. दुसऱ्या बाजूला आरोग्यविषयक लेखनाचा मोठा साठा आहे, ज्यात शरीर आहे पण स्वर उपदेशाचा आहे. हे दोन प्रवाह फार क्वचित एकत्र आले.

ते एकत्र येताना काय किंमत मोजावी लागली, याचा दाखला र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात मिळतो. १९२७ ते १९५३ या काळात कर्व्यांनी संततिनियमन, लैंगिक आरोग्य आणि वाचकांच्या शंका यांवर सातत्याने लिहिले. ते गणिताचे प्राध्यापक होते आणि त्यांचा विनोद गणितासारखाच कोरडा होता. ढोंगी विधान त्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत नेऊन सोडून देणे ही त्यांची रीत. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला, १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले, आणि तरीही कर्व्यांना दंड झाला. शरीराबद्दल स्पष्ट बोलणे हाच जेथे गुन्हा, तेथे त्याबद्दल हसत बोलणे किती धाडसाचे असेल याची कल्पना करता येते. कर्व्यांचा उपहास बहुधा वाचकाच्या अज्ञानावर नसून त्या अज्ञानाची राखण करणाऱ्यांवर असे. ब्रायसनसारख्या लेखकाला समाजाने दिलेली मोकळीक त्यांना मिळाली नाही. म्हणून त्यांच्या हसण्यात खेळकरपणा कमी आणि लढाई अधिक आहे.

हा वारसा सौम्य स्वरात पुढे नेणारे अलीकडचे नाव वाईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. शंतनू अभ्यंकर यांचे. रिचर्ड डॉकिन्स यांच्या ग्रंथाचा 'जादुई वास्तव' हा अनुवाद त्यांनी केला, आणि 'पाळी मिळी गुपचिळी' या पुस्तकात मासिक पाळीविषयी लिहिले. २०२४ साली कर्करोगाने त्यांचे निधन झाले. या दुसऱ्या पुस्तकाचे शीर्षकच समीक्षकाने थांबून पाहावे असे आहे. मुलांच्या खेळातली 'आळीमिळी गुपचिळी' ही गप्प बसवणारी आरोळी. तिच्यातले एक अक्षर बदलताच तीच आरोळी शतकानुशतकांच्या सक्तीच्या मौनावर बोट ठेवते. कोटी शब्दापुरती राहत नाही. पुस्तकाचा सगळा युक्तिवाद तिच्यात सामावतो. असा विनोद भाषांतराने आणता येत नाही. तो मराठीत वाढलेल्या माणसालाच सुचतो, आणि मराठीत वाढलेल्या मुलीलाच आतून हसवतो.

शरीरविज्ञानाच्या मराठीपुढची मोठी अडचण परिभाषेची आहे, असे नेहमी म्हटले जाते. स्वादुपिंड, अधिवृक्क, लघुमेंदू या संज्ञा अचूक आहेत, परंतु त्यांच्याशी वाचकाची जवळीक नाही. याउलट बोलीत देह ठायी ठायी भरलेला आहे. माणसाचे काळीज धडधडते, पित्त खवळते, नाक कापले जाते, मेंदू गुडघ्यात असतो. या वाक्प्रचारांत चूक आणि शहाणपण एकत्र नांदतात. मटणाच्या दुकानात 'कलेजी' मागितली तर हाती पडते ते यकृत. पण त्याच कुळातला 'काळीज' हा शब्द कवितेत आला की तो हृदयाच्या जागी बसतो. विनोदी विज्ञानलेखकाला यापेक्षा चांगली सुरुवात कोणती हवी? बंगळुरूत राहणाऱ्या, मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत वावरणाऱ्या वाचकाला तर आणखी एक गंमत दिसते. दुसऱ्याचे भले पाहून मराठी माणसाच्या पोटात दुखते आणि कन्नड माणसाच्या पोटाला आग लागते. 'होट्टेकिच्चु' म्हणजे पोटातली आग, अर्थात मत्सर. दोन शेजारी भाषांनी मत्सराचा पत्ता एकच सांगितला आणि निदान मात्र वेगवेगळे केले.

किंवा 'पोटात कावळे ओरडणे' घ्यावे. पोट गुरगुरते ते रिकामे आहे म्हणून अन्नासाठी आक्रोश करते, असा सर्वसाधारण समज. वास्तविक उपाशी अवस्थेत साधारण दीड-दोन तासांनी जठरापासून लहान आतड्याच्या टोकापर्यंत आकुंचनाची एक लाट सरकत जाते आणि मागे राहिलेले अन्नकण, श्लेष्म आणि जंतू पुढे लोटते. ते काम चालू असताना आतली हवा आणि द्रव घुसळले जाऊन आवाज होतो. म्हणजे कावळे ओरडत नसतात, झाडलोट चालू असते; आणि घास पोटात पडताच झाडणारा केरसुणी टाकून निघून जातो. या एका उदाहरणात रूढ म्हण, तिचे खंडन आणि शरीरक्रिया अशी तिन्ही एकमेकांना धरून येतात. माहितीवर विनोदाचा वर्ख चढवण्याची गरज राहत नाही, कारण विनोद माहितीच्याच पोटात असतो. या प्रकारच्या लेखनाचा पहिला कलात्मक निकष हाच मानावा लागेल.

दुसरा निकष सत्याचा. गमतीदार विधानाला पाय लवकर फुटतात. माणूस मेंदूचा दहा टक्केच भाग वापरतो, जिभेवर गोड-आंबट-खारट यांचे वेगळे इलाखे आखलेले असतात, ही विधाने चुकीची असूनही किती पुस्तकांतून फिरली याची गणती नाही. शरीरातील जिवाणू पेशींच्या दसपट आहेत, हे वाक्यही अनेक वर्षे मोठ्या आवडीने सांगितले गेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या अंदाजानुसार हे प्रमाण जवळपास बरोबरीचे ठरले: सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि ३८ लाख कोटी जिवाणू. आकडा घसरला म्हणून गंमत संपत नाही. आपल्याच घरात आपले बहुमत जेमतेम तरी आहे की नाही, हा प्रश्न दसपटीच्या दाव्यापेक्षा अधिक मिस्कील आहे. चांगला लेखक चूक सुधारतानाही हसवू शकतो. सामान्य लेखक हशा जाईल या भीतीने चूक जपतो. विज्ञानाचा स्वभावच असा आहे की तेथे स्वतःवर हसण्याची सोय आधीपासून असते. अल्सर हा ताणामुळे आणि तिखटामुळेच होतो असे मानणाऱ्या वैद्यकाला पटवून देण्यासाठी बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ साली जिवाणूंचा अर्क स्वतःच प्यायला, त्याच्या जठराला सूज आली, आणि २००५ साली रॉबिन वॉरन यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. ही कथा सांगण्यासाठी एकही कोटी करावी लागत नाही.

या साऱ्या चर्चेला केवळ साहित्यिक महत्त्व असते, तर ती येथे संपवता आली असती. परंतु शरीराविषयीच्या लाजेची किंमत दवाखान्यात मोजली जाते. शौचावाटे रक्त पडते हे सांगायला शब्द नाही म्हणून सहा महिने गप्प राहणारा गृहस्थ, अंगावरून जाण्याची तक्रार 'कंबर दुखते' एवढ्यावर भागवणारी स्त्री, मनाच्या आजाराला 'डोक्याचा ताप' म्हणून झाकणारे कुटुंब, ही माणसे कल्पित नाहीत. त्यांना माहिती कोठेतरी मिळतेच. मिळत नाही ते त्या माहितीशी बोलण्याचे मोकळेपण. उपदेश हे मोकळेपण देऊ शकत नाही, कारण उपदेशात सांगणारा वर आणि ऐकणारा खाली असतो. हसण्यात दोघे एका पातळीवर येतात. बंगळुरूच्या एका डॉक्टरने पंचवीस वर्षे विनोदी मासिक चालवले आणि मग मनोविकारांवर ग्रंथ लिहिला, या क्रमाकडे या दृष्टीने पाहता येते. ज्या समाजाला त्याने आधी हसायला लावले, त्याच समाजाला तो नंतर अवघड गोष्ट सांगू शकला.

मराठीला अशा लेखनाची सामग्री नव्याने जमवायची नाही. बोलीतले वाक्प्रचार आहेत, विनोदाची पक्की परंपरा आहे, कर्व्यांचा निर्भयपणा आहे, आणि लिहिते डॉक्टरही कमी नाहीत. उणीव आहे ती या लेखनाकडे गांभीर्याने पाहणाऱ्या वाचनाची. आतड्यावर लिहिलेले हसरे पुस्तक कादंबरीच्या शेजारी ठेवून त्याची भाषा, त्याची रचना, त्याची नीती तपासली जाईल, तेव्हा ते लिहिणाऱ्यालाही आपण काय लिहीत आहोत याची जाण येईल. निम्हान्सच्या संग्रहालयात मेंदू तळहातावर घेऊन हसणाऱ्या मुलाला बाहेर पडताना एखादे पुस्तक हवे असते. ते त्याच्या भाषेत असावे, खरे असावे, आणि त्याचे ते पहिले हसू चुकीचे नव्हते हे त्याला सांगणारे असावे.